रोध नेमका कोठे असतो?

शंकाकार : तुमच्या क्षेत्रातील संशोधकांनी अनुदानासाठी केलेले अर्ज मी बरीच वर्षे वाचत आलो आहे, आणि त्यांत एक गोष्ट मला सातत्याने आढळते. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात अतिजलद संगणक, नाममात्र विजेवर चालणारी यंत्रे आणि रोगनिदानाची सूक्ष्म उपकरणे यांची ग्वाही दिलेली असते; आणि मुदत संपल्यावर जो अहवाल दफ्तरी दाखल होतो त्यात शून्याखाली दोनशे बाहत्तर अंशांपर्यंत गोठवलेल्या एका स्फटिकाच्या तुकड्याचा एक आलेख असतो. तो आलेख खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण त्या ग्वाहीपासून या आलेखापर्यंत जे अंतर आहे त्याविषयी अर्जदार बोलत नाही, मंजुरी देणारा बोलत नाही, आणि ज्यांच्या करातून हा खर्च भागतो त्यांना तर असे काही अंतर आहे याची वार्ताही नसते. ओहमने आपला नियम १८२७ साली प्रसिद्ध केला. त्या एका नियमाच्या आधारावर आज गावोगावच्या तारा, रोहित्रे आणि विहिरींवरचे पंप चालले आहेत. त्या नियमात तुमच्या विद्यापीठीय प्रयोगशाळांनी अब्जांश मीटरच्या सृष्टीत उतरून नेमकी कोणती भर घातली, एवढे मला आधी सांगा. उपयोगाचा प्रश्न मी मागाहून विचारीन.

पुरस्कर्ता : भर घातली असे म्हणण्यापेक्षा ओहमच्या नियमाच्या पोटात दडलेला एक प्रश्न त्यांनी बाहेर काढला, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. तांब्याची तार दुप्पट लांब केली की तिचा रोध दुप्पट होतो, हे आपण शाळेत शिकतो, आणि त्याची उपपत्तीही आपल्याला तेथेच मिळते : तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन वाटेत अणूंच्या कंपनांवर आणि स्फटिकातील दोषांवर आदळतात, त्यांची दिशा मोडते, आणि वाट जितकी लांब तितके हे आघात अधिक. ही उपपत्ती मान्य केली, तर एका आघातापासून दुसऱ्यापर्यंत इलेक्ट्रॉन सरासरीने किती अंतर निर्वेध जातो तेही काढता येते. नेहमीच्या तापमानाच्या तांब्यात ते सुमारे ४० नॅनोमीटर भरते. आता मी या ४० नॅनोमीटरांहूनही आखूड अशी तार घेतली, की जिच्यात आदळण्यासारखे काही उरलेलेच नाही, तर तिचा रोध किती असेल? शाळेतील उपपत्ती म्हणते, शून्य. हे उत्तर बरोबर आहे का, हे ठरवायला माणसाला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

आय. बी. एम. कंपनीतील रोल्फ लँडॉअर यांनी १९५७ साली या प्रश्नाकडे पाहण्याची दिशा बदलली. आघातांची मोजदाद करीत बसण्याऐवजी त्यांनी एवढेच विचारले की या टोकाने आत शिरलेला इलेक्ट्रॉन त्या टोकाने बाहेर पडण्याची संभाव्यता किती. वाहकता म्हणजे आरपार जाण्याची शक्यता, हा त्या विचाराचा गाभा. परंतु शक्यता पुरी असेल, म्हणजे शिरलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन विनातक्रार पलीकडे पोहोचत असेल, तर रोध शून्य मानायचा की काहीएक ठरावीक रोध तरीही शिल्लक राहतो, यावर १९८० नंतरच्या दशकात थोर थोर सिद्धान्तज्ञांचा वाद चांगलाच पेटला होता. त्याचा फैसला १९८८ साली झाला, आणि तो एकाच वेळी दोन ठिकाणी झाला : एक हॉलंडमधील डेल्फ्ट विद्यापीठ आणि फिलिप्स कंपनी यांच्या संयुक्त प्रयोगात, दुसरा केंब्रिजला.

तो नमुना मी तुम्हाला जरा जवळून दाखवतो. गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम मिसळलेले गॅलियम आर्सेनाइड यांचे थर एकावर एक चढवले, की त्यांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉनांचा एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो, आणि थंडीत त्यातील इलेक्ट्रॉन साडेआठ मायक्रोमीटरपर्यंत कशावरही न आदळता धावतो. स्फटिकाच्या पृष्ठावर धातूचे दोन पट्टे समोरासमोर काढायचे आणि त्यांच्या टोकांमध्ये २५० नॅनोमीटरची फट ठेवायची. पट्ट्यांना ऋण दाब दिला की त्यांच्याखालचे इलेक्ट्रॉन दूर सारले जातात आणि पलीकडे जायला फक्त फटीखालची चिंचोळी वाट उरते. दाब वाढवीत जावा तशी ती वाट आणखी आणखी निमुळती होते. वाट निमुळती होताना वाहकता एखाद्या उतरणीसारखी कमी होत जावी, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात ती नदीच्या घाटासारखी पायऱ्यापायऱ्यांनी उतरली. डेल्फ्टच्या आलेखात तशा सोळा पायऱ्या मोजता येतात आणि प्रत्येकीची उंची एकच आहे : इलेक्ट्रॉनच्या विद्युत्भाराचा वर्ग करा, तो दुप्पट करा आणि प्लँकच्या स्थिरांकाने भागा. अखेरच्या पायरीवर, म्हणजे वाट एकेरी उरल्यावर, रोध भरतो सुमारे १२,९०६ ओहम. या सूत्रात गॅलियमचे नाव नाही, फटीच्या लांबीचे नाही, कोणत्याच पदार्थाचे नाही. वाटेत एकही आघात नाही आणि तरीही रोध आहे.

तो कोठे आहे, असे विचाराल तर जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजा आठवा. बाहेर पटांगण, आत प्रशस्त चौक. गर्दी खोळंबते ती दिंडीशी. दिंडीच्या उंबऱ्यावर कोणी कोणाला अडवीत नाही, तेथून माणूस सहज पार होतो. अडचण आहे ती विस्तीर्णातून चिंचोळ्यात शिरण्याची. इलेक्ट्रॉनांचे तसेच आहे. रोध वाटेत नसतो, वाट आणि पटांगण जेथे एकमेकांना मिळतात तेथे असतो, आणि त्यापायी होणारी उष्णताही वाटेत न होता दोन्ही अंगांच्या पटांगणांत होते. पायऱ्या पडतात त्या इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो म्हणून : त्या पापुद्र्यात त्याची तरंगलांबी सुमारे ४२ नॅनोमीटर होती, आणि तंबोऱ्याच्या तारेवर कंपनाचे फुगे जसे पूर्णांकानेच बसतात तसे वाटेच्या रुंदीत अर्ध्या तरंगलांब्या पूर्णांकानेच बसतात, दर एकवीस नॅनोमीटर रुंदीमागे एक नवी मार्गिका खुली होते, आणि तोवर मधली रुंदी काही कामाची नसते. ओहमच्या नियमाला यामुळे बाध येत नाही. पण रोध हा पदार्थाचा गुण आहे, ही जी आपली पक्की समजूत होती, ती मात्र या प्रयोगाने ढासळली.

शंकाकार : दिंडीचा दृष्टान्त समजला, आणि या शोधात जे सौंदर्य आहे ते मी नाकारीत नाही. पण त्याचे माप मोठे करून सांगितले जाते, अशी माझी हरकत आहे. एक तर हे सारे ०.६ केल्व्हिनवर घडले. माझ्या घरातील तार तांब्याची आहे आणि घरात उन्हाळा असतो. दुसरे म्हणजे तुम्ही याला विद्यापीठीय संशोधन म्हणता, परंतु तुमच्याच कथनात विचार आय. बी. एम.चा आहे आणि फिलिप्स प्रयोगात सहभागी आहे. आणि थोडे मागे जाऊन १९८० सालचा क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांचा शोध घेतला, ज्याने २५,८१२.८ ओहम ही संख्या जगाला दिली आणि ज्याला पाच वर्षांनी नोबेल पारितोषिक मिळाले, तर त्या निबंधावरही विद्यापीठीय नावांच्या जोडीला सीमेन्स कंपनीच्या शास्त्रज्ञाचे नाव आहे. कारखानदारांनी आपल्या पैशाने, आपल्या नफ्यासाठी वाढवलेल्या स्फटिकांवर विद्यापीठांनी मोजमापे घेतली, ती उत्तम घेतली, एवढाच याचा अर्थ होत नाही काय? तसे असेल तर कारखाने हे काम पुढेही करतील. सार्वजनिक तिजोरीने त्यात पडण्याचे प्रयोजन काय?

पुरस्कर्ता : श्रेयाची वाटणी तुम्ही केलीत ती वस्तुस्थितीला धरून आहे, आणि ती मी बिनशर्त मान्य करतो. पण तिच्यातून तुम्ही काढलेले अनुमान मला पटत नाही. त्या काळी बेल, फिलिप्स आणि आय. बी. एम. यांच्या प्रयोगशाळांना तत्काळ नफ्याचा हिशेब न देता वर्षानुवर्षे एका प्रश्नामागे लागण्याची मुभा होती. ती मुभा पुढे कमी कमी होत गेली आणि मूलभूत प्रश्नांचा भार उत्तरोत्तर विद्यापीठांवर येऊन पडला. कारखाना आपल्या स्फटिकाची प्रत सुधारील, तो शुद्ध करील, पण निर्वेध वाटेला रोध असतो की नसतो, हा प्रश्न त्याच्या खतावणीत कोणत्या खात्यावर मांडायचा?

आता थंडीविषयी. अमेरिकेत अटलांटा येथील जॉर्जिया टेकमध्ये १९९८ साली झालेला एक प्रयोग मला फार प्रिय आहे, आणि तो नेहमीच्या तापमानालाच झाला. सूक्ष्मदर्शकाच्या सुईला कार्बनच्या नॅनोनलिकांचा एक तंतू लावून तो वरून हळूहळू पाऱ्यात बुडवीत नेला. जसजशी नळी बुडत जाईल तसतशी तिची कोरडी लांबी घटणार, म्हणून ओहमच्या हिशेबाने रोधही घटत जायला हवा. तो घटला नाही. एक नळी टेकली की वाहकता एक पायरी चढे आणि तेथेच थांबे. दुसरी नळी टेकली की दुसरी पायरी. त्या नळीतून इतका प्रवाह जात होता, की उष्णता नळीतच उत्पन्न झाली असती तर नळी उरलीच नसती, आणि ती तर शाबूत राहिली. त्याच्याही आधी, १९९५ साली, मद्रिदच्या काही संशोधकांनी दाखवले की दोन साध्या तारा एकमेकींना जेमतेम टेकवून ठेवाव्यात, मेजावर बोटाने टकटक करावी, आणि आंदोलनदर्शकाच्या पडद्यावर पाहावे : तारा विलग होण्याच्या अखेरच्या क्षणी त्यांच्यामध्ये अणूंचा एक बारीक पूल ताणला जातो, आणि तो तुटताना वाहकता त्याच पायऱ्यांनी खाली येते. सोन्याच्या तारा घेतल्या तर शेवटी एकच अणू दोन्ही बाजूंना धरून राहतो, आणि त्याची वाहकता जवळजवळ बरोबर एक पायरी असते. या प्रयोगाला थंडीसाठी हेलियम लागत नाही. आंदोलनदर्शक असेल तर तो कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येईल.

उन्हाळ्यातील तांब्याचेही बोलू. तुमच्या खिशातील फोनच्या चिपमध्ये कोट्यवधी ट्रान्झिस्टरांना जोडणाऱ्या तांब्याच्या रेषा आहेत, आणि त्यांतील सर्वांत बारीक रेषांची रुंदी मघाशी सांगितलेल्या त्या ४० नॅनोमीटरांहून कमी झाली आहे. तेथे इलेक्ट्रॉन तांब्याच्या आत कमी आणि रेषेच्या कडांवर व स्फटिककणांच्या सीमांवर जास्त आदळतो. तांबे तेच असूनही त्याचा रोध वाढतो. ट्रान्झिस्टरांतील सिलिकॉन ऑक्साइडचा विसंवाहक थर पातळ करीत करीत १.२ नॅनोमीटरवर, म्हणजे अणूंच्या जेमतेम पाच पदरांवर, आणला गेला, तेव्हा इलेक्ट्रॉन त्या भिंतीतून तरंगाच्या न्यायाने पलीकडे झिरपू लागले आणि यंत्र बंद असतानाही वीज खाऊ लागले. म्हणून २००७ साली इंटेलला तो थर सोडून हॅफ्नियमयुक्त थराकडे वळावे लागले. हे प्रश्न प्रयोगशाळेच्या थंडीतून चालत आलेले नाहीत, ते भर बाजारात उभे राहिले. पण त्यांना उत्तर द्यायला जी भाषा लागली ती त्या थंडीतच घडली होती.

शंकाकार : पाऱ्याच्या प्रयोगाचा तुम्ही दाखला दिलात तो बरा झाला, कारण तो मीही वाचलेला आहे. सिद्धान्ताप्रमाणे कार्बनच्या अशा नळीत दोन मार्गिका असतात. म्हणजे प्रत्येक नळीमागे पायरी दुप्पट उंच पडायला हवी होती. अटलांटाला ती एकेरी पडली. इतक्या देखण्या प्रयोगात निम्मे उत्तर यावे, आणि तरीही तो सिद्धान्ताचा विजय म्हणून सांगितला जावा, हे मला खटकते. या खटकण्याच्या मुळाशी माझी खरी शंका आहे. तुमच्या क्षेत्रात एक नमुना दुसऱ्यासारखा वागत नाही. दहा तयार करावेत, तर चार निर्जीव निघतात, पाच भलतेच काही दाखवतात, आणि एक अपेक्षित पायरी दाखवतो. नियतकालिकात छापला जातो तो हा दहावा. उरलेल्या नऊंचे काय झाले, ते वाचकाला कधी कळत नाही.

हा केवळ तर्क नाही. २००२ साली बेल प्रयोगशाळेतील यान हेंड्रिक श्योन यांच्या निबंधांची चौकशी झाली तेव्हा चोवीसपैकी सोळा आरोपांत गैरवर्तन सिद्ध झाले. वेगवेगळ्या पदार्थांच्या म्हणून छापलेल्या आलेखांत खरखरसुद्धा हुबेहूब एकच होती, आणि तोवर जगातल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी त्या निष्कर्षांची पुनरावृत्ती करण्यात आपली उमेदीची वर्षे घालवली होती. ते उघड लबाडीचे प्रकरण होते म्हणून बाजूला ठेवा. पण ज्या डेल्फ्टचा तुम्ही गौरव केलात, तेथूनच २०१८ साली नॅनोतारेतील वाहकतेची एक नेमकी पायरी मायोराना नावाच्या कणसदृश अवस्थेचा पुरावा म्हणून प्रसिद्ध झाली. त्याच प्रयोगशाळेत पूर्वी काम केलेल्या दोघांनी मूळ आकडे मागवून तपासले, सगळे आकडे एकत्र मांडल्यावर तो पुरावा टिकेना, आणि २०२१ साली निबंध मागे घेतला गेला. तेथे कोणी बनावट आकडे रचले, असे मी मुळीच म्हणत नाही. पायरी दिसावी अशी तीव्र इच्छा होती, आणि जेथे ती दिसली तेवढाच भाग वाचकांपुढे आला. इच्छेने निवडलेला पुरावा हा कोणत्याही न्यायासनापुढे पुरावा ठरत नाही.

पुरस्कर्ता : या दोन्ही प्रकरणांचे मी समर्थन करणार नाही, आणि ती क्वचितची उदाहरणे आहेत असे सांगून तुमची शंकाही टाळणार नाही. ती इच्छा कशी असते, ते मी स्वतः अनुभवले आहे. विद्यार्थिदशेत माझा एक नमुना तयार व्हायला तीन महिने लागले होते. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा स्फटिक, त्यावर केसापेक्षाही बारीक सोन्याच्या तारा टाचलेल्या. मनगटाला भूसंपर्काची पट्टी बांधल्याखेरीज त्याला हात लावायचा नाही, कारण कोरड्या हवेत अंगावर साठणारी स्थिर वीज त्याला पुरती जाळून टाकते. रात्रभर तो थंड केला, पहाटे पहिल्या दोन पायऱ्या दिसल्या, आणि तिसरीसाठी मोजमापाची मर्यादा बदलताना मी एक खटका उलट्या क्रमाने दाबला. रेषा सपाट झाली ती कायमची. माझ्याजवळ दोन पायऱ्यांचा एकच आलेख उरला, आणि तिसरी कोठे पडली असती ते मी स्वतःला इतक्या खात्रीने सांगत होतो की ती मला जणू दिसतच होती. ज्याने ती पहाट काढली आहे त्याला तुमची शंका अनाठायी वाटणार नाही.

पण याच क्षेत्राने तिच्यावर उपायही शोधला आहे. सोन्याच्या तारा विलग करण्याच्या प्रयोगात प्रत्येक वेळचा पूल वेगळ्या रीतीने तुटतो; एखादी तुटण सुरेख पायऱ्या दाखवते, दुसरी वेडीवाकडी जाते. सुरुवातीला सुरेख तेवढ्या छापल्या गेल्या, आणि तुमच्यासारख्यांनी तेव्हाही हरकत घेतली. मग हळूहळू रिवाज पडला तो असा, की हजारो वेळा तार तोडायची, प्रत्येक वेळची प्रत्येक नोंद एकाही अपवादाशिवाय एकाच तक्त्यात जमा करायची, आणि सर्वांच्या बेरजेतून जे शिखर वर येईल तेवढेच खरे मानायचे. सोन्याचे एका पायरीचे शिखर या कसोटीतून आजवर उभे आहे. दुसऱ्या काही धातूंची शिखरे पूर्णांकावर पडली नाहीत, आणि त्यातून हे कळले की एका अणूच्या आरपार किती मार्गिका जातात हे त्या अणूच्या रासायनिक स्वभावावर ठरते. म्हणजे निवड सोडली तेव्हा पायरीचे सौंदर्य थोडे उणावले, पण ज्ञान वाढले. अटलांटाच्या निम्म्या पायरीबद्दल मात्र तुमचे म्हणणे मी मान्य करतो. पुढे २००३ साली स्टॅनफर्डमध्ये पॅलेडियमचे जोड लावून केलेल्या नळ्यांनी दोन मार्गिकांच्या मर्यादेजवळ मजल मारली, तेव्हा पुन्हा तेच दिसले की नळीपेक्षा जोडणीचीच बाब कठीण असते.

शंकाकार : हा उपाय मला खराखुरा समाधानकारक वाटला, आणि तुमच्या बाजूने आतापर्यंत आलेले सर्वांत बळकट प्रमाण मी हेच मानीन. परंतु तार तोडणे स्वस्त आहे, म्हणून ती हजार वेळा तोडता येते. ज्या नमुन्याला तीन महिने आणि द्रवरूप हेलियम लागते, तो हजार वेळा कोण करणार? आणि आता मी आपल्या देशाकडे येतो, कारण हा जमाखर्च अखेर आपल्यालाच मांडायचा आहे. २००७ साली केंद्र सरकारने नॅनो मिशनसाठी पाच वर्षांना एक हजार कोटी रुपयांची तजवीज केली. मुंबईच्या आय. आय. टी.त आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेत निर्मलकक्ष उभे राहिले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशी मोजमापे होतात, आणि तेथील माणसे निष्ठेने काम करतात, यात मला शंका नाही. पण ज्या हेलियमची पिवळी रेषा १८६८ सालच्या ऑगस्टातील खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने आपल्या गुंटूरहून पाहिली, तो हेलियम आज आपण परदेशांतून आणतो. स्फटिक वाढवण्याची यंत्रे बाहेरची, शीतके बाहेरची, आणि तयार झालेला विद्यार्थीही पुष्कळदा अखेर बाहेरचाच होतो. १९९० साली सुप्रियो दत्त आणि बिस्वजित दास यांनी इलेक्ट्रॉनच्या फिरकीवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. तिच्यावर ग्रंथालये भरतील इतके लेखन झाले आहे. तसा ट्रान्झिस्टर मात्र मला कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

पुरस्कर्ता : दुकानातील वस्तू हीच कसोटी हवी असेल तर तीही देतो. लोह आणि क्रोमियमचे काही अणूंइतके पातळ थर एकावर एक रचले तर त्यांचा रोध चुंबकाने कमालीचा बदलतो, हे १९८८ साली पॅरिसजवळच्या ओर्से येथे आल्बेर फेर यांच्या गटाने आणि जर्मनीत पेटर ग्र्युनबेर्ग यांनी पाहिले, आणि नऊ वर्षांत तो परिणाम संगणकांच्या चकत्यांत बसून घरोघर पोहोचला. पण या उदाहरणावर मी माझा दावा उभा करीत नाही, कारण तुम्ही म्हणाल की शंभरांतले एक फळले, आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नाही.

माझा दावा दुसऱ्याच गोष्टीवर आहे, आणि तुम्ही ज्यांचे नाव घेतलेत त्यांच्याच कामात तो मला दिसतो. दत्त खरगपूरला शिकले आणि पर्ड्यू विद्यापीठात शिकवू लागले. त्यांच्या ट्रान्झिस्टरचे काय होईल ते काळच ठरवील. पण रोधाचा विचार मोठ्या तारेपासून आरंभ करून खाली येण्याऐवजी, एका अणूपासून आरंभ करून वर जाण्याची जी शिकवण्याची रीत त्यांनी घालून दिली, ती त्यांच्या पुस्तकांतून आणि विनामूल्य व्याख्यानांतून आपल्या इकडच्या विद्यार्थ्यांनाही घरबसल्या उपलब्ध आहे. मुंबई आणि बंगळूरच्या निर्मलकक्षांतही २००८ पासून अशी व्यवस्था झाली की देशातील इतर महाविद्यालयांतले संशोधक तेथे येऊन आपला नमुना स्वतःच्या हाताने करू शकतात. ज्याने एकदा तरी स्वतः केलेल्या नमुन्याचा रोध मोजताना जोडाचा रोध कोणता आणि नमुन्याचा कोणता हे वेगळे करून पाहिले आहे, तो माणूस पुढे सौरपट्टी करो, विद्युत्घट करो किंवा चिपच्या कारखान्यात जावो, त्याला कोणी सहजासहजी फसवू शकत नाही. हे फळ अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात लिहिण्याची सोय नाही, म्हणून तेथे अतिजलद संगणक लिहिला जातो, आणि हे मला मनापासून चुकीचे वाटते.

शंकाकार : मग आपला मतभेद आता पूर्वीच्या जागी राहिलेला नाही. हे संशोधन निरुपयोगी आहे, हा माझा आक्षेप मी परत घेतो. त्याच्या नावाने दिली जाणारी ग्वाही मात्र मला अजूनही अमान्य आहे, आणि तुम्हालाही ती अमान्य आहे असे दिसते. तेव्हा माझी मागणी नेमकी सांगतो. प्रत्येक अहवालात आणि प्रत्येक निबंधात एक रकाना सक्तीचा असावा : एकूण नमुने किती केले, किती मोजले, त्यांपैकी किती वगळले आणि कोणत्या कारणाने वगळले. त्याखाली संशोधकाची सही असावी, आणि मूळ आकडे मागणाऱ्याला ते मिळावेत. अनुदान मंजूर करणाऱ्यांनी पायऱ्यांच्या संख्येकडे पाहण्याआधी हा रकाना पाहावा. शेतसाऱ्याच्या दफ्तरात नापिकीची नोंद होते, मग प्रयोगशाळेच्या दफ्तरात का होऊ नये?

पुरस्कर्ता : रकाना मला हवाच आहे, आणि तो भरण्याचे कष्ट टाळणाऱ्याला अनुदान मिळू नये, या मताचा मी आहे. पण वगळण्याचे कारण लिहिणे तुम्हाला वाटते तितके सोपे नाही, एवढे ध्यानात घ्या. माझा जळालेला नमुना वगळायचा, यात वाद नाही. जो जळला नाही पण पायरी दाखवत नाही, तो वाईट नमुना मानायचा की नवी बातमी? फॉन क्लिट्झिंग यांच्या शोधाचा गाभा असलेला रोधाचा सपाट भाग त्यांच्यापूर्वीच्या मोजमापांतही उमटलेला होता. तो काटेकोरपणे सपाट आहे, आणि सपाट असण्यालाच काही अर्थ आहे, असे तेव्हा कोणाच्या मनात आले नाही. उलट २०१८ च्या प्रयोगात सपाटी मनात आधीच होती, म्हणून ती दिसली. कोणता आकडा अर्थपूर्ण आणि कोणता खरखर, हे ठरवणारी कसोटी पुष्कळदा त्याच प्रयोगातून जन्माला येते, आणि त्या घटकेला ती चुकीची असण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. तुमच्या रकान्याने लबाडी थांबेल, हावही कमी होईल. ही अडचण त्याने सुटणार नाही, आणि ती कशी सोडवावी हे मला ठाऊक नाही.

शंकाकार : मलाही ठाऊक नाही. पण निदान ती अडचण वाचकापासून लपवू नये, एवढे तर करता येईल?

पुरस्कर्ता : करता येते, आणि केलेलेही आहे. १९८८ सालच्या डेल्फ्टच्या त्या निबंधात पायऱ्या पूर्णांकावर बसल्या त्या मोजलेला रोध जसाच्या तसा घेऊन बसलेल्या नाहीत; बाजूच्या जोडण्यांपायी येणारे ४०० ओहम आधी वजा करावे लागले. वजाबाकी केल्याचे त्यांनी निबंधातच लिहून ठेवले आहे, आणि मूळ रोधाचा आलेखही त्यात छापलेला आहे.